कान पाण्यात सोड

सोमवार, दुपार

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. रिसॉर्टवर पाय ठेवल्या ठेवल्या मॅनेजरीणबाईंनी आमचे फोन घेतले आणि लाकडी पेटीत टाकून कुलूप लावलं, म्हणून हा कागद. "शांततेसाठी आलात ना? मग आता शांत राहा," असं म्हणाल्या. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. मी ती जाहिरात दोनदा वाचली होती, तरी ते नजरेतून सुटलं कसं, याचा विचार अजून चालू आहे. आईनं मात्र फोन असा काढून दिला, जशी दुखरी दाढ काढून देतेय.

बोट सकाळी भाजीपाला घेऊन येते आणि संध्याकाळी बंदरावर परत जाते. तुझा पोहण्याचा तलाव धक्क्यापासून जवळच, तेव्हा बोटवाल्या काकांच्या हाती हे पाठवतेय. माणूस भला वाटतो. बोलतो मात्र फार.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आज सकाळी बंदरात असूनही आम्ही तुझ्याकडे आलो नाही. आई म्हणाली, "बोट चुकेल." बोट सुटायला भरपूर वेळ होता. आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले आणि आई सगळा वेळ तुझ्या गल्लीकडे पाठ करून बसली होती. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? तू म्हणशील, झाली शंकासुराची सुरुवात.

बेट एवढंसं आहे की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला रुमाल काढतील. एका ओळीत लाकडी खोल्या, प्रत्येकीच्या पायऱ्या थेट वाळूत उतरतात. आमच्या खोलीत दोन पलंग, वेताची खुर्ची, खिडकीत एक शिंपला (कुणीतरी विसरलेला की मुद्दाम ठेवलेला, कळत नाही) आणि पंखा. आईनं आत आल्यावर आधी मान वर करून पंखाच पाहिला. स्वच्छ आहे. पंख्याचा विषय इथंच थांबवते.

हंगाम संपलाय, त्यामुळे गर्दी नाही. आमच्याशिवाय एक नवीन लग्न झालेलं जोडपं तेवढं आहे. ती दोघं दिवसभर पत्ते खेळतात आणि पत्त्यांवरून भांडतात. समोर समुद्र, पण त्याला लाटा अशा नाहीतच. पुढं खडकांची रांग आहे, तिच्या आत पाणी परातीत ठेवल्यासारखं पडून असतं, कमरेच्या वर जात नाही. आल्या आल्या मी नळाच्या पाण्याचा वास घेतला. ठीक आहे. तू हसशील. जन्मभर प्रयोगशाळेत लोकांचं पाणी तपासलं आणि स्वतः पोटरीच्या वर कधी पाण्यात गेले नाही, हे तुझं वाक्य मला पाठ आहे.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या खोलीत एक आजी उतरल्या आहेत. त्यांना या वयात पाण्यावर तरंगायला शिकायचंय. पोहणं नाही, नुसतं उताणं तरंगणं. त्यांना पाण्याची बरीच भीती आहे. अशा माणसानं सुरुवात कुठून करावी? तू मोठ्या माणसांनाच शिकवतेस म्हणून विचारलं. आजींची आणि माझी विशेष ओळख नाही.

तुझी धाकटी

मंगळवार, दुपार

ताई,

तुझा तोंडी निरोप पोचला. काकांनी तो धक्क्यावरच, भाजीच्या करंड्या उतरवता उतरवता, तुझ्या आवाजात म्हणून दाखवला: "तिला म्हणावं, मला लिहायला वेळ नाही. आणि पहिल्या पानावर लिहितेस की आमच्याशिवाय फक्त जोडपं आहे, मग दुसऱ्या पानावर आजी आल्या कुठून? पोहत?"

मी तिथंच खाली बसले. पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं होतं गं. शुद्धलेखन तपासलं होतं.

ठीक आहे. आजी म्हणजे आई. पण हे मी सांगितलं नाही, तू ओळखलंस. आईनं माझ्याकडून वचन घेतलंय की तिनं पाण्यात पाय घातला हे ताईला कळता कामा नये. शब्द मी अक्षरशः पाळला. हा युक्तिवाद आईसमोर मात्र मांडणार नाही, टिकायचा नाही.

तुला वाटेल हे खूळ अचानक कुठून आलं. मलाही वाटलं. डॉक्टर म्हणाले हवापालट करा, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते, मी विचारून घेतलं. काल आल्यावर तिनं पिशवीतून काय काढलं माहितीये? पोहण्याचा पोशाख. नवा कोरा, गडद निळा, लांब बाह्यांचा. किमतीची चिठ्ठी कापून टाकलेली. "कधी घेतलास?" म्हटलं, तर म्हणाली, "दिवाणात होता." दिवाण मी दर महिन्याला आवरते, ताई. माझ्या नजरेतून हल्ली फार गोष्टी सुटतात.

मग दार लावून तिनं तो अंगात चढवला आणि पलंगावर उताणी पडली. हात पसरले, पाय पसरले, डोळे मिटले.

"मला वाटतं जमतंय," म्हणाली.

"आई, हा पलंग आहे."

"म्हणून तर जमतंय."

आज सकाळी आम्ही उतरलो. काकांनी तुझ्या सूचना भाजीच्या रिकाम्या करंडीवर स्वतः आडवं होऊन दाखवल्या होत्या, त्यामुळे विसरायची सोय नव्हती. आधी नुसतं उभं राहायचं, घाई नाही. मग तोंडावर पाणी. हात धरून ओढायचं नाही, मानेखाली तळहात ठेवायचा. आई घोट्यापर्यंत आली आणि थांबली. मग गुडघ्यापर्यंत. तिथं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून बोटं उमटलेली आहेत. पण वर मात्र जोडप्यातल्या मुलीशी हवापाण्याच्या गप्पा. "छान आहे नाही पाणी?" "हो, कोमट आहे." आणि खाली माझं मनगट निळं.

शेवटी कमरेपर्यंत आली. तिथं ती पुष्कळ वेळ उभी राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. ज्या बाईनं आयुष्यात कधी 'मला जमत नाही' असं म्हटलं नाही, ती समुद्रात उभी राहून ओठ आवळून श्वास मोजत होती. मला रडू आलं असतं, पण मनगट दुखत होतं.

तू रागावलेली आहेस हे मला माहीत आहे. तरी सूचना पाठवल्यास. एक सांगू? तू फोन केलास की मी तो स्पीकरवर टाकते आणि स्वयंपाकघरातला मिक्सर बंद होतो. दर वेळी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

धाकटी

बुधवार, दुपार

ताई,

आज काही जमलं नाही. पण इतकं हसलो की जमलं नाही याचं वाईट वाटायला संध्याकाळ होईल.

तुझा आजचा निरोप, "पोट वर, हनुवटी वर, गुडघे सैल," मी आईला समजावून सांगितला. मग तिच्या मानेखाली हात ठेवला आणि तिच्याकडून चूक होऊ नये म्हणून एकेक गोष्ट सांगत राहिले. "पोट वर घे. हं. हनुवटी. नाही, एवढी नाही. खांदे सैल. श्वास सोड, सगळा नको सोडू. डावा पाय खाली चाललाय."

"काय?" असं म्हणत आई डोकं वर काढायची आणि खाली जायची.

"डावा पाय म्हटलं."

"काय झालं त्याला?"

परत आडवी. परत, "काय?" परत गटांगळी. पाणी कमरेएवढंच, त्यामुळे ती बुडायची नाही, नुसती खुर्चीत बसल्यासारखी पाण्यात बसायची आणि तोंड पुसून माझ्याकडे असं बघायची, जसं खुर्ची मीच ओढून घेतली. जोडप्यानं पत्ते खाली ठेवले होते. नवरा ओरडला, "आजी, मागच्या खेपेला जास्त वेळ राहिलात!" बायको त्याला म्हणाली, "तू आधी तुझी राणी टाक."

दमल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. मॅनेजरीणबाईंनी लिंबाचं सरबत आणून दिलं. आईचे केस ओले, नाक लाल, खांद्यावर टॉवेल. मी बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं विचारलं. लहानपणी काही झालं होतं का? कुणी पाण्यात ढकललं होतं? विहीर? नदी?

"काही नाही झालं," आई म्हणाली. "भीती वाटते. तुला पालीची वाटते ना? पालीनं तुझं काय खाल्लंय?"

मी म्हटलं, नाही काही.

"मग? सगळ्याला गोष्ट कशाला लागते?"

सरबत संपलं. मग ती समुद्राकडे बघत, मी विचारलेलं नसताना बोलायला लागली. तिचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितेय, पदरचं काही घालत नाही.

"तलावाच्या दारापर्यंत आले होते मी त्या उद्घाटनाच्या दिवशी. चांगली नवे कपडे घालून. दारात तो औषधाचा वास आला आणि पलीकडे ते निळं पाणी दिसलं, आणि पाय उचलेना. फीत मी कापायची, तर ती पाण्याच्या काठावर बांधलेली. एवढी माणसं. मुलगी पोहायला शिकवते आणि आई पाण्याला भिते, हे त्यांना काय सांगायचं? म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा काय, कुणाचाही दुखतो."

मी म्हटलं, "आणि संध्याकाळी ताईच्या घरी स्टुलावर चढून पंखा पुसलास."

"मग काय करू? हातांना काहीतरी काम नको? तिला तोंड कसं दाखवू?" आणि जरा थांबून, "ती म्हणाली, तुला माझी लाज वाटते. चार वर्षं तेच धरून बसलीय. मला माझीच वाटत होती गं."

आईनं टॉवेल पिळला, वाळत टाकला, आणि पाठमोरी राहून विचारलं, "बोट आज किती वाजता जाते म्हणालीस?"

तिला बोटीची वेळ माहीत आहे, ताई. मी उठून कागद घेतला. वचन मोडलं का मी? मला वाटतं, नाही. पण मला सोयीचं असलं की मला असंच वाटतं, म्हणून खात्री नाही.

धाकटी

गुरुवार, दुपार

ताई!

आधी बातमी, मग बाकीचं. आई तरंगली.

सकाळी काका आले ते नेहमीसारखे ओरडत आले नाहीत. दोर बांधला, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या ताईंनी पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग तलावात एक बाई हात मारत होत्या त्यांना म्हणाल्या, जरा थांबा, आणि आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. नाक शिंकरत होत्या. मला म्हणाल्या, पाण्यातल्या औषधानं होतं असं."

मी म्हटलं, हो, होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात कधी झालं नाही, पण होत असेल.

"मग म्हणाल्या," आणि इथं काकांनी तुझा आवाज लावला, "त्या शंकासुराला सांगा, तू गप्प बस. आई तुझं ऐकायला डोकं वर काढते. डोकं वर आलं की पाय खाली जातात. एकदाच सांग, कान पाण्यात सोड. आणि मग तोंड शिवून टाक."

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग लक्षात आलं की काल मी आईला इतक्या काळजीनं बुडवत होते. एकेक चूक टाळता टाळता. मी घरीही असंच करते का? हे नंतर ठरवेन.

आम्ही उतरलो. पाणी इतकं स्थिर होतं की आपल्या पायाची बोटं मोजता यावीत. मी आईच्या मानेखाली हात ठेवला आणि म्हटलं, "कान पाण्यात सोड."

"कान? मग मला ऐकू कसं येणार?"

"येणारच नाही. मी बोलणारच नाहीये."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी तिला माहेरी पाठवतेय. मग डोकं मागं टाकलं. कान बुडले. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. मी ओठ दाताखाली धरले. डावा पाय खाली चालला होता. मी बोलले नाही. ताई, मी बोलले नाही! आणि तो डावा पाय स्वतःहून वर आला. मग आठी गेली. मग माझ्या हातावरचं वजन गेलं. तळहात अजून मानेखालीच होता, पण त्यावर काही नव्हतं, नुसते केस हलत होते. मी हात काढून घेतला.

आई समुद्रावर पडून होती. गडद निळ्या पोशाखात, हात पसरून, पलंगावर पडली होती अगदी तशी. पोट श्वासागणिक वर, खाली. तिच्या ओठांवर जे हसू आलं ते मी ओळखत नव्हते. ते कुणासाठी नव्हतं.

काठावर टाळ्या वाजल्या. जोडपं उभं राहून वाजवत होतं, मॅनेजरीणबाई पायऱ्यांवर, काका बोटीत. आईला काही ऐकू गेलं नाही. ती आपली तरंगत होती. मग एक बारीकशी लाट नाकात गेली आणि ती खोकत उभी राहिली.

"आत सगळं कसं शांत असतं गं," म्हणाली. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तुझासुद्धा आवाज नाही. काय बरं वाटलं!"

नंतर ती आपणहून आणखी पुष्कळदा पडली. मला दूर उभं केलं होतं. जेवायला बोलावलं तरी येईना, लहान मुलासारखं. "हे शेवटचं," म्हणायची आणि परत आडवी.

जेवताना मी म्हटलं, "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय. मी ताईला..."

"माहितीये," ती म्हणाली. "मीठ दे."

"काय माहितीये?"

"अगं, त्या बोटवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू पत्र दिलंस की तो मला सांगतो, तिनं निरोप दिला की आधी मला म्हणून दाखवतो, मग तुला. तुझ्यापेक्षा मला चांगला म्हणून दाखवतो. आणि हे बेट मी काय डोळे मिटून निवडलं? समुद्र काय दुसरीकडे नव्हता?"

म्हणजे तुला माहीत, तिला माहीत, बोटवाल्याला माहीत. गुपित फक्त मीच पाळत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मी दोनदा भात घेतला.

धाकटी

शुक्रवार, दुपार

ताई,

मी घोळ घालून ठेवलाय आणि तो निस्तरता येत नाहीये. उद्या संध्याकाळच्या बोटीनं आम्ही निघतो, म्हणून काय ते आजच लिहायला हवं.

आज सकाळी सगळं इतकं छान चाललं होतं! काकांनी तुझा निरोप आणला: "मी बेटावर येणार नाही. दार तेव्हाही उघडं होतं, आजही आहे." मला तो जरा कडक वाटला. पण आईनं ऐकला, ऑम्लेटचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरोबरच आहे तिचं. परत मी फिरले होते, मलाच जायला हवं. उद्या बंदरात उतरलो की तलावावर जाऊ. जाते, त्या पाण्यात उतरते आणि तिच्यासमोर आडवी होते. बघ म्हणावं."

मी आनंदानं वेडी झाले. आणि आनंदाच्या भरात मला वाटलं, तिला सगळं नीट माहीत असावं. तिथं गेल्यावर ऐनवेळी घाबरायला नको. म्हणून मी म्हटलं, "तिथं थोडं वेगळं वाटेल हं आई. समुद्राचं पाणी खारं, ते माणसाला जास्त उचलतं. तलावाचं पाणी गोडं."

आईनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे तिथं बुडेन?"

"नाही नाही. फक्त किंचित खाली राहशील."

"किंचित म्हणजे कुठपर्यंत?"

ताई, मी तिला दाखवलं. बोटानं. कानाच्या पुढं, गालावर, इथपर्यंत म्हणून. आणि बोट ठेवताना ते नाकाच्या फार जवळ गेलं.

तिनं कप ओढून घेतला. चहा संपवला. मग उठताना टेबलाचा आधार घेतला आणि म्हणाली, "सकाळपासून गुडघा दुखतोय."

त्यानंतर पाण्याकडे फिरकली नाही. वेताच्या खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळतेय. जोडप्यातली मुलगी विचारायला आली, "आजी, आज नाही?" तर तिला म्हणाली, "आज गुडघा धरलाय." मी तिला समजावलं की फरक अगदी थोडा असतो, तुझ्याकडे येणारी माणसं त्याच पाण्यात शिकतात. म्हणाली, "तू बोलू नकोस. तू बोललीस की मी खाली जाते."

जे मी बोलले ते खरं होतं. खरं सांगणं चूक कसं असेल, असं मी दुपारभर स्वतःला विचारतेय. कदाचित ते तिच्यासाठी नव्हतंच. माझ्या मनावरचं ओझं तेवढं मी तिच्या अंगावर टाकलं. पण हे कळून उपयोग काय? आई उद्या बंदरात उतरली की सरळ घरच्या गाडीत जाऊन बसेल. आणि मग पुढची चार वर्षं मिक्सर बंद करून ऐकत राहील.

तूच सांग काय करू. तू येणार नाहीस हे कळलं. पण काहीतरी कळव. बोलणं माझं काम नाही हे मला आता पटलंय.

धाकटी

शनिवार, संध्याकाळ

ताई,

हे पत्र बोटवाल्याकडे द्यायचं नाहीये. ते मी तुझ्या हातात देईन, हात कोरडे झाले की. आत्ता ते मोकळे नाहीत. मी तुझ्या तलावाच्या बाकावर, पाय वर घेऊन बसलेय आणि तू समोर पाण्यात आहेस, माझ्याकडे पाठ करून. तुला जे दिसत नाहीये ते लिहून ठेवते.

सकाळी काकांनी तुझा निरोप दिला तेव्हा आई सामान भरत होती. मॅनेजरीणबाईंनी पेटी उघडून फोन परत दिले होते. मी तुला फोन करणार होते आणि केला नाही. (याची नोंद घे.) काका दारात उभे राहिले, या खेपेला त्यांनी तुझा आवाज काढला नाही. स्वतःच्याच आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्या मोठीनं एवढंच सांगितलंय. माझा पंखा परत मळलाय."

आई घडी घालत होती ती थांबली. मला वाटलं, चिडली. मग तिचे खांदे हलायला लागले. पलंगावर बसली आणि तोंडावर टॉवेल दाबून इतकी हसली की काका घाबरून पाणी आणायला धावले. हसता हसता डोळे पुसले, परत हसली. "मळणारच," म्हणाली. "ती काय पुसणार आहे? उंचीवर पुसायचं तर तिला आळस."

बोटीत ती पुढच्या फळीवर, बंदराकडे तोंड करून बसली. पाठ नाही. उतरल्यावर पिशवी मला दिली आणि माझ्यापुढं चालायला लागली, त्या गुडघ्यानं. "घर कुठंय तिचं आता?"

"तलावाच्या मागं, दोन खोल्या. गेल्या वर्षी बदललं ना, पंखा घेऊन."

"मग जायचं कुठून?"

मी पुढं बोट दाखवलं. दार समोरच होतं. घरात जायचं तर तलावाच्या दारातूनच जावं लागतं, हे तुला निरोप देताना सुचलं होतं का गं? सुचलंच असणार.

दारात तो वास आला. क्लोरीन नीट आहे, कमी ना जास्त. सांगायची सवय, जाऊ दे. आई थांबली. तू आतून आलीस, गळ्यात शिट्टी, पाय ओले. चार वर्षांनी समोरासमोर. आईनं पाण्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाली, "गुडघा दुखतोय."

"पाण्यात नाही दुखणार," तू म्हणालीस. "चल."

बस, एवढंच. मी अर्ध्या आयुष्यात जे बोलले नसेन ते तुम्ही दोघी तेवढ्यात बोललात.

आता ती पाण्यात आहे. तिनं कपड्यांच्या आत तो निळा पोशाख बोटीपासूनच घातलेला होता; म्हणजे गुडघा दुखत होता तेव्हाही. तू तिच्या मानेखाली हात ठेवलास. ती काही विचारत होती, मला ऐकू आलं, "इथं किती खाली जाईन?" तू म्हणालीस, "जाशील तेवढी जा. मी आहे." तिनं कान पाण्यात सोडले.

हे तुला दिसलं नाही, तू तिच्या कपाळाकडे बघत होतीस. तिच्या पायाची बोटं आधी आखडलेली होती, मग एकेक करून सुटली. पाणी तिच्या गालापर्यंत आलं, मी दाखवलं होतं अगदी तिथपर्यंत, आणि थांबलं. आणि तू हात काढून घेतलास त्यानंतरही पुष्कळ वेळ तुझा हात पाण्यात तसाच होता, तळवा वर करून, काही नसलेलं धरून.

मग तू तिच्या तोंडाजवळ वाकून काहीतरी बोललीस. बराच वेळ बोलत होतीस. तिचे कान पाण्याखाली होते, तिला ऐकू आलं नसणार, आणि तुला ते माहीत होतं. मलाही बाकापर्यंत ऐकू आलं नाही. काय बोललीस ते मी विचारणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी विचारावंसं वाटत नाहीये.

आई आता उभी राहिलीय, नाक पुसतेय आणि तुला विचारतेय, "काय म्हणत होतीस?" तू म्हणतेस, "पाय सरळ ठेव म्हणत होते." ती म्हणते, "खोटारडी."

आणि आता दोघी माझ्याकडे बघताय. तू ओरडतेस, "शंकासुरा, ते लिहिणं पुरे! तुझ्या मापाचा पोशाख खोलीत खुंटीवर आहे, उतर!" आई म्हणतेय, "ये गं, मी मान धरते तुझी. आणि मी बोलणार नाही." काठाशी येऊन तू हातानं पाणी उडवलंस ते या कागदावर पडलं, इथलं एक अक्षर पसरलं आहे, ते तसंच राहू दे.

मला भीती वाटतेय, ताई. कारण-बिरण काही नाही.

पेन खाली ठेवते.